अक्काचा भरलेला चेहरा

त्या थंडीत अक्काच्या गोठ्यातल्या पाच गायी तीन आठवड्यांत व्याल्या. एकीमागून एक, जणू आपसांत ठरवूनच. एरवी गाय व्याली की घरात आनंद असतो. पण पाचवी व्याली तेव्हा अक्काने कपाळाला हात लावला. कारण बांडी गायीने व्याल्यावर तिसऱ्याच दिवशी लाथ झाडली होती आणि अक्काच्या नवऱ्याचं उजवं मनगट मोडलं होतं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, त्यातली गत. घरात माणसं दोन, त्यांतलं एक हात गळ्यात बांधून फिरणारं, आणि सकाळ-संध्याकाळ धारा काढायच्या त्या आठ गायींच्या.

नवऱ्याला सगळं गाव घुम्या म्हणायचं. तो दिवसाला दहा शब्द बोलायचा, त्यातले सहा गायींशी. मनगट मोडलं तेव्हासुद्धा "मोडलं" एवढंच म्हणाला आणि डाव्या हाताने वैरण टाकायला लागला. धारा मात्र एका हाताने निघत नाहीत. त्या सगळ्या अक्कावर आल्या.

धार काढायची म्हणजे उकिडवं बसायचं, बादली गुडघ्यांत पक्की धरायची, डोकं गायीच्या कुशीला टेकवायचं आणि मुठी चालवायच्या. आठ वेळा बसायचं, आठ वेळा उठायचं; संध्याकाळी पुन्हा तेच. अक्काने हे तीस वर्षं केलं होतं आणि गुडघे कुरकुरले तर त्यांना शिव्या देऊन गप्प केलं होतं. त्या थंडीत ते ऐकेनात. सुजून टम्म झाले. एका सकाळी चौथ्या गायीखालून उठताना तिचे पाय सरळच होईनात. तिने गायीच्या पायाला धरून उठायचा प्रयत्न केला, गाय बुजली, बादली लवंडली आणि दूध शेणातून वाहत मोरीकडे निघालं. बाहेर रस्त्यावर दुधाची गाडी भोंगा वाजवत उभी होती. अक्का तशीच शेणात बसून रडली.

घुम्या दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "भावाकडे जा."

भाऊ म्हणजे गावाचा डॉक्टर. शहरात एका मोठ्या डॉक्टरकडे बारा वर्षं कंपाउंडर होता. मग फाट्यावर दोन खोल्या घेऊन त्याने स्वतःची पाटी लावली. पाटीवर काय लिहिलंय हे कुणी नीट वाचलं नाही. त्याचा हात हलका होता, सुई टोचलेली कळायची नाही, आणि तो माणसाशी गोड बोलायचा. गावाला आणखी काय पाहिजे?

अक्काला तर तो भाऊ कमी आणि लेक जास्त. आई गेली तेव्हा तो दीड वर्षाचा आणि ही नऊ वर्षांची. तिने शाळा सोडली, त्याला कडेवर घेतलं आणि तळहाताच्या फोडासारखं जपलं. त्याची शाळा संपेपर्यंत लग्नाला उभी राहिली नाही. पुढे तिला मूलबाळ झालं नाही, तेव्हा बायका हळहळायच्या; अक्का म्हणायची, "माझा एक आहे की, दवाखाना घालून बसलेला."

भावाने तिचे गुडघे दाबून पाहिले. "अक्का, खाली बसणं बंद कर काही दिवस."

"आणि धारा कोण काढणार? तू येतोस?"

"मग दुखणारच."

"ते मला ऐकवू नको. काहीही दे. विष दे हवं तर. पण उद्या पहाटे मला बसता आलं पाहिजे आणि उठताही आलं पाहिजे."

भाऊ तिच्याकडे जरा वेळ बघत राहिला. मग आतल्या खोलीत गेला. खलबत्त्यात काहीतरी कुटल्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात कागदाच्या पुड्या होत्या, सारख्या घड्या घातलेल्या.

"सकाळी एक, संध्याकाळी एक. उपाशीपोटी घ्यायची नाही."

"कशाची रे ही?"

"ताकदीची."

पुडी जिभेवर कडूजहर लागायची. पण तिसऱ्या दिवशी आठव्या गायीखालून उठल्यावर अक्काच्या लक्षात आलं, की आपण उठलो, आणि उठताना गुडघ्यांची आठवणच झाली नाही. ती गोठ्यातच हसली. बादली ठेवली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. घुम्याने विचारलं, "काय?" ती म्हणाली, "माझ्या भावाच्या हाताला यश आहे, दुसरं काय!"

महिन्याभरात घुम्याचं मनगट जुळलं, पण हाताला पहिली पकड राहिली नाही. धारा अक्काकडेच राहिल्या आणि पुडीही राहिली. दोनदा तिने ती बंद करून पाहिली. दुसऱ्याच दिवशी सगळं अंग काठीने झोडपल्यासारखं दुखलं. भाऊ म्हणाला, "तुझ्या अंगाला तिची गरज आहे, बघ." अक्काला ते पटलं.

भूक तर अशी लागायला लागली, की एका जेवणावरून उठताना ती पुढच्या जेवणाचा विचार करायची. गाल वर आले. उन्हाने रापून सुरकुतलेला चेहरा भरून गोल झाला, तुकतुकीत दिसायला लागला. विहिरीवरच्या बायका चिडवायच्या, "अक्का, म्हातारपणी तारुण्य फुटलं की काय गं तुला?" ती म्हणायची, "जळा मेल्यांनो."

बाजाराच्या दिवशी ती भावासाठी दूध घेऊन फाट्यावर जायची. त्या दिवशी दवाखान्यात गर्दी असायची. भाऊ तिला पहिल्या बाकावर बसवायचा आणि आलेल्या माणसांना सांगायचा, "ही माझी अक्का. दोन महिन्यांपूर्वी भिंत धरून चालत होती. तिलाच विचारा." मग अक्का उठायची. दवाखान्याच्या मधोमध, हात कशालाही न टेकता उकिडवी बसायची आणि ताडकन उठून दाखवायची. माणसं हसायची, कुणी टाळी वाजवायचं आणि आतल्या खोलीतला खलबत्ता दुपारपर्यंत थांबायचा नाही. खोटं कशाला सांगायचं, अक्काला ते फार आवडायचं. आयुष्यात पहिल्यांदाच ती बसली-उठली की चार माणसं बघत होती.

तिच्या घरापासून चार घरं सोडून शिंपी राहायचा. तो कापड बेतायचा, शिंपीण मशीन चालवायची. दिवसभर वाकून वाकून शिंपिणीची कंबर धरलेली असायची, पण बाई मोठी संशयी. विटेने शेक घ्यायची आणि पुन्हा मशीनवर बसायची. "मला नको बाई पुड्याबिड्या. काय घालतात त्यात, देवाला ठाऊक."

"देवाला कशाला, मला ठाऊक आहे. माझा भाऊ आहे तो," अक्का म्हणाली. "माझ्याकडे बघ. मी कशी दिसते?"

शिंपिणीने बघितलं. "दिसतेस बाई, गुटगुटीत."

"मग चल." आणि तिने शिंपिणीचा हात धरून तिला फाट्यावर नेलं. रांग मोडून सगळ्यांच्या आधी आत घातलं.

उन्हाळा गेला, पाऊस आला. दवाखान्यात उठून दाखवणं कधी बंद झालं, ते अक्काला नेमकं सांगता आलं नसतं. एका बाजारी ती बसली आणि उठताना बाकाला हात लावावा लागला. पुढच्या बाजारी भाऊच म्हणाला, "राहू दे अक्का, आज गर्दी फार आहे."

अंघोळ करताना तिच्या लक्षात आलं, की वर चेहरा भरलाय, पोट सुटलंय, पण मांड्या गेल्यात. दोन हातांच्या ओंजळीत मांडी मावायची. गायीने शेपूट मारलं तरी दंडावर जांभळा डाग उठायचा आणि पंधरा पंधरा दिवस जायचा नाही. बोटातली अंगठी रुतून बसली. आता दुखत तर काहीच नव्हतं. नुसती ताकद नव्हती. बसली की पायांत उठायचं बळच यायचं नाही. एके दिवशी ती गोठ्यात गेली तर आढ्याला दोरखंड बांधलेला होता आणि त्याला हाताएवढ्या अंतरावर गाठी मारलेल्या होत्या. घुम्याने कधी बांधला, बोलला नाही. ती दोराला धरून, एकेक गाठ चढत उठायला लागली. परसाकडेला गेल्यावर मात्र दोर नव्हता. तिथे हाक मारावी लागायची आणि घुम्या येऊन, तोंड दुसरीकडे करून तिला काखेत धरून उभी करायचा. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, लाजेने तिचे कान तापायचे.

मग धाप सुरू झाली. दुधाची किटली घेऊन रस्त्यापर्यंतचा एवढासा चढ, त्यात ती दोनदा थांबायची. पाय संध्याकाळी सुजायचे, बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. आडवं झालं की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं, म्हणून ती भिंतीला टेकून झोपायला लागली.

भाऊ म्हणाला, "वय झालं अक्का. त्यात पावसाळी हवा. आता एकाऐवजी दीड पुडी घे."

त्याच पावसात शिंपिणीने शिवलेल्या कपड्यांचा गठ्ठा उचलला आणि तिच्या पाठीत कट्‌ असा आवाज झाला. समोर बसलेल्या शिंप्यालाही तो ऐकू आला. तिला शहरात नेलं. मणका चेपलाय म्हणाले. हाडं वाळवीने खाल्लेल्या लाकडासारखी झालीत म्हणाले. फळीवर निजवून तिला परत आणली. अक्का धापा टाकत बघायला गेली आणि उशाशी बसून म्हणाली, "पुडी सोडू नकोस गं. त्याने हाड लवकर भरेल." शिंपिणीने मान हलवली. तिचा अजून अक्कावर विश्वास होता.

एकदा पुड्या मध्येच संपत आल्या. बाजाराला अजून तीन दिवस होते, म्हणून अक्का सरळ भावाच्या घरी गेली. भाऊ बाहेरगावी गेलेला. भावजय दारात आली ती चौकटीला धरून, एक पाय ओढत.

"काय गं, तुला काय झालं?"

"गुडघे हो वन्सं. दोन महिने झाले. जिना चढवत नाही. रात्रभर ठणकतात."

अक्का पायरीवर टेकली. तिला रागच आला. "कमाल आहे बाई तुझी! घरचा डॉक्टर आणि तू अशी लंगडतेस? पुडी घे की दोन वेळा. चार दिवसांत पळायला लागशील."

"छे हो." भावजयीने पदर सावरावा तितक्या सहज सांगून टाकलं. "ती पुडी आमच्या घरात शिवायची नाही. ह्यांनी मला पोरांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घातलीय. मी एकदा चोरून घेतली तर केवढे भडकले! म्हणाले, हाडं पोखरते ती, मांस झडतं, हृदयाला सूज येते. दुखलं तर दुखू दे, म्हणाले, पण ती नाही."

 भावजय अक्काच्या तोंडाकडे बघायला लागली आणि मग तिच्या लक्षात आलं. तिने तोंडावर हात ठेवला.

"वन्सं, तुमची वेगळी असते ना? मला वाटलं, तुम्ही सख्ख्या बहीण… तुमच्यासाठी वेगळी करत असतील."

"हो," अक्का म्हणाली. "माझी वेगळी असते."

ती उठायला लागली तर उठवेना. दोघी लंगड्या. शेवटी भावजयीने चौकटीला पाठ लावून तिला ओढून उभी केली. घरी येईपर्यंत अक्का पाच वेळा थांबली, आणि प्रत्येक वेळी तिला वाटलं, की मागे जावं आणि म्हणावं, पुन्हा सांग, नीट ऐकू आलं नाही. लोक म्हणतात कुंपणच शेत खातं. पण हे कुंपण तिने स्वतः लावलं होतं, पाणी घालून वाढवलं होतं. तिला रडू आलं नाही. 

घरात डब्याच्या तळाशी दोन-तीन पुड्या उरल्या होत्या. त्या तिने उकिरड्यात टाकल्या आणि वर शेण लोटलं. घुम्याला काही सांगितलं नाही. माझी मी बरी होईन, म्हणाली मनात. त्याची पुडीही नको आणि तोही नको.

पण ती पुडी अशी रागाने सोडायची नसते, हे तिला कोण सांगणार? सांगणाऱ्याने तर ती काय आहे, हेही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी अन्नावरची वासना उडाली. तिसऱ्या दिवशी ओकाऱ्या सुरू झाल्या. चौथ्या पहाटे काळ्या गायीखाली बसलेली असताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, मुठी गळून पडल्या आणि ती तशीच आडवी झाली. गाय पाय न हलवता उभी राहिली, म्हणून अक्का वाचली. घुम्या त्या दिवशी त्याच्या वर्षभराच्या शब्दांएवढं ओरडला. दुधाच्याच गाडीत, किटल्यांच्या मधे घालून तिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथली डॉक्टरीण तरुण होती आणि तिला वेळ नव्हता, तरी खाटेवर बसून बोलली. "मावशी, तुम्ही स्टेरॉइड घेत होतात. किती दिवस?"

"थंडीपासून. वर्ष होत आलं."

"रोज?"

"दोन वेळा. मग दीड दीड."

डॉक्टरिणीने डोळे मिटून घेतले. मग एकेक बोट धरून सांगितलं. मांड्यांचं आणि खांद्यांचं मांस झडलंय. हाडं पोकळ झालीत, पडायचं नाही, जड उचलायचं नाही. रक्तदाब चढून चढून हृदय थकलंय, म्हणून पाणी साठतंय, म्हणून धाप. "हे औषध वाईट नाही हो. वेळेला जीव वाचवतं. पण मोजून द्यायचं असतं आणि लक्ष ठेवायचं असतं. आणि एकदम सोडायचं नसतं. इतके दिवस बाहेरून मिळालं की अंग स्वतःचं बनवायचं विसरतं. तुम्ही एकदम थांबलात, म्हणून जीव जायची वेळ आली. आता मी थोडं थोडं कमी करत आणीन."

"पाय पुन्हा होतील?"

"थोडे होतील. पहिल्यासारखे नाही." मग तिने वही काढली. "कुणी दिलं हे?"

घुम्या अक्काकडे बघत होता. अक्का छताच्या पंख्याकडे बघत होती.

"एक फिरता औषधवाला यायचा बाजारात," ती म्हणाली.

"त्याच्याकडून आणखी कुणी घेतं का गावात? घेत असतील तर त्यांना निरोप द्या. घाबरून एकदम थांबवू नका म्हणावं, आधी इथे या. सांगाल ना?"

"सांगीन."

ती घरी आली आणि नऊ दिवस तिने कुणालाच सांगितलं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. रोज सकाळी ठरवायची, आज शिंपिणीकडे जायचं. मग डोळ्यांपुढे भावाची पाटी यायची, त्याची पोरं यायची. ज्याने केसाने गळा कापला त्याचीच काळजी तिला पोखरत होती, आणि त्याची तिला स्वतःलाच चीड येत होती. चार गायी घुम्याने एका ओळखीच्या माणसाच्या गोठ्यात नेऊन बांधल्या. उरलेल्या चार त्याच्या हाताला पान्हा सोडेनात, म्हणून तो धार काढताना अक्का गोठ्यात खुर्चीवर बसून नुसती बोलत राहायची. तिचा आवाज ऐकला की त्या दूध द्यायच्या.

दहाव्या दिवशी दुपारी भाऊ आला. फळांची पिशवी आणली होती. बाजेवर टेकला, तिचा हात हातात घेतला आणि रडला. खरंच रडला, अक्काला त्याचं खोटं रडणं लहानपणापासून ओळखता यायचं.

"मला कळवलं का नाहीस, अक्का?"

"तुझ्या बायकोचे गुडघे कसे आहेत?"

त्याने हात सोडला. "ती काहीतरी बडबडली असेल. तिला काय कळतं?"

"शपथ घातलीस की नाही, एवढंच सांग."

भावाने पिशवीतली फळं बाजेवर काढून ठेवली. मग म्हणाला, "तुझ्या आठ गायी ओरडत होत्या. तूच म्हणालीस, विष दे."

"म्हणाले. दुखणारं माणूस म्हणतं रे काहीही. पहिले चार दिवस दिलीस ते मी मागितली म्हणून, चल, मान्य. पुढे वर्षभर?"

"थांबवली असती तर दुखलं असतं. तू माझ्या नावाने खडे फोडले असतेस."

"फोडले असते. आणि पहिल्या बाकावर बसवायला दुसरं कोण होतं तुझ्याकडे?"

यावर तो बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं अक्काला वाटलं. नाही म्हणाला असता, चिडला असता, तरी तिने थोडा विश्वास ठेवला असता.

मग तो म्हणाला, "एक काम आहे, अक्का. शिंपी पेटलाय. त्याला शहरात कुणीतरी काहीतरी सांगितलंय. अर्ज करणार म्हणतो माझ्यावर. तो माझं ऐकत नाही, पण तुझं ऐकेल. तू एवढंच सांग, की मीही तीच पुडी घेते आणि मला काही झालेलं नाही. बाईच्या जातीची हाडं या वयात ठिसूळ होतातच, म्हणावं."

"मला काही झालेलं नाही?"

"बाहेरून कुणाला कळतंय?" भाऊ म्हणाला. "चेहरा अजून भरलेलाच आहे तुझा."

अक्काने त्याच्याकडे नीट बघितलं. नाक आईचं. कपाळावरची खोक तिच्याच कडेवरून पडला तेव्हाची. हा माझा आहे, यात काही शंका नव्हती.

"चल," ती म्हणाली. "मला धरून ने."

घुम्या दारात उभा होता. "मी नेतो."

"नको. ह्यालाच नेऊ दे."

भावाने तिच्या काखेत हात घालून तिला उठवलं. सवयीचा हात, कुठे दुखणार नाही असा. चार घरांचं अंतर, पण तिला तीनदा थांबावं लागलं. प्रत्येक वेळी तो म्हणाला, "सावकाश, अक्का." लोक बघत होते. किती करतो बहिणीचं, असं कुणीतरी म्हणालंसुद्धा.

शिंप्याच्या खोलीत कापडाचा वास होता. मशीनवर फडकं टाकलेलं. दोन बायका कपडे न्यायला आलेल्या. त्या दोघीही फाट्यावरच्या दवाखान्यात जाणाऱ्या. शिंपी हातात कात्री घेऊन बसला होता. आत भिंतीलगत शिंपीण पाठीखाली फळी घालून उताणी पडली होती. भावाला बघताच शिंपी उठला, पण अक्काला बघून थांबला.

"अक्काला तुमच्याशी बोलायचंय," भाऊ म्हणाला. त्याने तिला घट्ट धरलं होतं.

अक्काने आधी श्वास जमवला.

"पुडीत स्टेरॉइड आहे," ती म्हणाली. "मला मोठ्या दवाखान्यात सांगितलं. माझ्या मांड्या त्याने गेल्या, हाडं गेली, हृदयाला सूज आली. हिचा मणकाही त्यानेच गेला. ह्याला सगळं माहीत होतं. ह्याने स्वतःच्या बायकोला ती शिवू दिली नाही."

कात्री खाली ठेवल्याचा आवाज आला. तिच्या काखेतला हात ढिला पडला. अक्काला वाटलं होतं, तो सोडणार नाही. एवढं सगळं झाल्यावरही तिला तसं वाटलं होतं. हात निघून गेला. तिने मशीनची कड पकडली, पण दंडात जोर नव्हता. ती मशीनला घासत घासत खाली आली आणि चिंध्यांच्या ढिगाऱ्यात बसली. वर बघितलं तेव्हा दारात कुणी नव्हतं.

ती तशीच बसून, धाप लागत असताना, उरलेलं बोलली. ते सांगायचंच होतं. "एकदम कुणी सोडू नका. मी सोडली आणि मरता मरता वाचले. तो निरोप मला देऊन नऊ दिवस झाले, मी दिला नाही. आधी त्या मोठ्या दवाखान्यात जा, ते हळूहळू कमी करतात." त्या दोन बायकांकडे वळून म्हणाली, "तुम्हीही. सगळ्यांना सांगा."

दोघींमधल्या एकीने हळूच आपल्या गालाला हात लावून पाहिला.  शिंप्याने बायकोकडे बघितलं.

शिंपीण वर छताकडे बघत होती. मान वळवली की तिला कळ यायची, म्हणून ती तशीच बोलली.

"अक्का, मी त्याची पाटी बघून नव्हते गेले. तुझं तोंड बघून गेले."

"हो," अक्का म्हणाली.

"मोडल्यावर तू म्हणालीस हाड भरेल. त्यानंतरही रोज घेतली मी. आज सकाळीपण घेतली."

"हो."

 अक्काला उठता येत नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. तिला उठवायला कुणी पुढे आलं नाही, आणि तिनेही कुणापुढे हात केला नाही.